वॉटर पंप बसवताना: आधी भोक, मग बोल्ट, सीलंट शेवटी

नवीन पंप बसवला, रेडिएटर भरला, गाडी चालू केली आणि चौथ्या दिवशी पंपाखाली पुन्हा हिरवा ओघळ. मग दुकानदाराशी वाद, पंप बदलून आणणं आणि दुसऱ्या पंपाची तीच गत. अशी गाडी दारात आली की मी पंपाकडे नंतर बघतो. आधी सगळे बोल्ट काढून फरशीवर ओळीने मांडतो. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. एखादा बोल्ट पाच मिलिमीटर जास्त लांब, एखादा आखूड आणि सगळ्यांच्या मानेभोवती सीलंटचे वाळलेले गोळे.

चूक क्रमाची असते. लोक आधी सीलंटची ट्यूब आणतात, मग हाताला लागेल तो बोल्ट लावतात, आणि भोकात काय आहे ते कुणी बघतच नाही. खरं तर भोक ठरवतं बोल्ट कोणता, पंपाचं पॅकिंग ठरवतं तोंडावर, म्हणजे पंप इंजिनाला टेकतो त्या सपाट जागेवर, काय लावायचं, आणि ट्यूब विकत घ्यायची ती या दोन्हींची उत्तरं हातात आल्यावर.

इथलं सगळं बाहेरून बेल्टवर चालणाऱ्या पंपाला धरून आहे: जीप, ट्रॅक्टर, पिकअप, जुन्या कार. तुमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बोल्ट-सीलंटचे नियम तेच राहतात, पण टायमिंगच्या खुणा जुळवता येत नसतील तर त्या कामाला एकट्याने हात घालू नका.

टप्पा १: उघडण्याआधी पुठ्ठ्याचा नकाशा

बुटाच्या खोक्याचं झाकण घ्या. त्यावर पंपाचा ढोबळ आकार काढा, वरची बाजू लिहा आणि जिथे जिथे बोल्ट आहे तिथे स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. बोल्ट निघेल तसा तो पुठ्ठ्यातल्या त्याच भोकात खोचायचा, वायसर असेल तर वायसरसकट. पंपाच्या एकाच अंगावर तीन-तीन लांबीचे बोल्ट असणं अगदी नेहमीचं आहे. अल्टरनेटरची पट्टी किंवा फॅनचा ब्रॅकेट ज्या बोल्टखाली येतो तो बोल्ट तेवढ्या जाडीने लांब असतो. तोच बोल्ट शेजारच्या भोकात गेला की तळाला टेकतो. वाटीत एकत्र टाकलेले बोल्ट नंतर अंदाजाने लावणं, इथूनच बहुतेक गळती सुरू होते.

इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॅटरीची ऋण तार काढा. कूलंट टबात काढा आणि टब झाकून ठेवा. चवीला ते गोड असतं, कुत्रीमांजरं पितात आणि मरतात.

बोल्ट काढताना एका दमात जोर लावू नका. घट्ट वाटला तर आधी चिमूटभर आवळून बघा, मग सोडा, पुन्हा थोडा आवळा. गंज असा हलतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पंपात लोखंडी बोल्ट धरला असेल तर पंपाच्या कानाला, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो त्या भागाला, हीटगनने गरम करा. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, पकड सैल पडते. आधी तेल मारून रात्रभर ठेवलं तर अर्धं काम तिथेच होतं.

> तपासा: पुठ्ठ्यावर जितकी भोकं तितके बोल्ट आहेत का? एखादं भोक रिकामं असेल तर तो बोल्ट पूर्वीच कुणीतरी गायब केलेला आहे. त्याची लांबी तुम्हाला मोजूनच काढावी लागेल.

टप्पा २: जुना बोल्ट काय सांगतो ते वाचा

पुठ्ठ्यावरचे बोल्ट उजेडात बघा. ज्याच्या टोकाला गंजाचा लाल थर किंवा पांढरे-हिरवे क्षार आहेत, तो पाण्यात उभा होता. म्हणजे त्याचं भोक आरपार जाऊन वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, उघडतं. याला आपण ओलं भोक म्हणू. ज्याचं टोक कोरडं, तेलकट किंवा नुसतं काळपट आहे त्याचं भोक बहुधा तळ असलेलं, म्हणजे बंद. काही इंजिनांत एखादा बोल्ट टायमिंग कव्हरमधून जातो आणि त्याच्या टोकाला इंजिन ऑइल लागलेलं असतं. तिसरा प्रकार तो.

नुसत्या बोल्टवर विसंबू नका. सायकलच्या चाकाची जुनी तार घ्या आणि भोकात घाला. टक्‌ करून टेकली तर भोक बंद. टेकतच नाही किंवा वेडीवाकडी आत जाते, तर ओलं. कूलंट पुरतं निथळलेलं नसेल तर ओल्या भोकातून थेंब येतोच. पुठ्ठ्यावर प्रत्येक भोकाशेजारी पेनने लिहून ठेवा: ‘ओलं’, ‘बंद’ किंवा ‘तेल’. पुढची सगळी निवड या शब्दावर होणार आहे.

आणखी एक गोष्ट. ओल्या भोकातल्या बोल्टची कंबर बघा. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत बोल्ट मध्येच बारीक होतो, डमरूसारखा. डोकं शाबूत, आटे शाबूत, कंबर खाल्लेली. असा बोल्ट पुन्हा लावलात तर आवळताना तो हातात येईल, अर्धा भोकात ठेवून.

टप्पा ३: भोक साफ करणं

पंपाच्या तोंडातून इंजिनात जाणाऱ्या पाण्याच्या वाटांमध्ये आधी चिंध्या कोंबा. किती कोंबल्या ते पुठ्ठ्यावर लिहा. एकदा माझ्या हातून एक चिंधी आतच राहिली. गाडी तापायला लागल्यावर आठवलं आणि नवंकोरं पॅकिंग लावलेला पंप पुन्हा उतरवावा लागला. तेव्हापासून आकडा लिहितो.

भोकातले आटे साफ करायला दुकानातला कापणारा टॅप सरसकट चालवू नका. तो गंजाबरोबर धातूही काढतो आणि आटे ढिले करतो. त्याच मापाचा जुना पण चांगला बोल्ट घ्या, हॅक्सॉने त्याच्या अंगावर उभ्या दोन-तीन खाचा मारा, कडा कानशीने साफ करा. झाला चेझर. तेलाचा थेंब टाकून हाताने फिरवा, खाचांत घाण भरली की काढून पुसा. आत-बाहेर चार फेऱ्यांत भोक लख्ख होतं.

मग ब्रेक क्लीनर आणि हवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, बंद भोकातली घाण सरळ तोंडावर येते.

> सावधान: बंद भोकात तेल, कूलंट किंवा क्लीनर साचलेला असताना बोल्ट आवळू नका. द्रव दाबला जात नाही. बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा खाली येतो आणि बिडाच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कॉम्प्रेसर नसेल तर कापसाची वात पिळून आत घाला आणि ओल टिपून घ्या.

टप्पा ४: लांबीचं गणित

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त पंप याच जागी वाया जातात.

तीन मापं घ्यायची. पंपाच्या कानाची जाडी, पॅकिंगसकट वायसरची जाडी आणि भोकात आट्यांची खोली. खोली मोजायला तीच सायकलची तार. तळाला टेकवा, भोकाच्या तोंडाशी नखाने धरा, काढून व्हर्निअरवर मोजा. आटे बहुधा भोकाच्या अगदी तळापर्यंत नसतात, म्हणून चेझर किती आत गेला तेही बघा आणि दोन्हींतलं कमी माप धरा.

समजा कान २२ मिलिमीटर, दाबलेलं पॅकिंग ०.८, साधा वायसर १.६. एकूण २४.४. बोल्ट एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा, भोक बंद, आटे २० मिलिमीटर खोल, ब्लॉक बिडाचा. बिडात बोल्टने आपल्या व्यासाच्या दीडपट तरी शिरायला हवं, म्हणजे १२ मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट, १६ धरा. आणि तळापासून दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडायचे. म्हणजे बिडाच्या या भोकात बोल्टचा १२ ते १७ मिलिमीटर भाग जायला हवा. त्यात २४.४ मिळवा: बोल्ट ३६.४ ते ४१.४ च्या दरम्यान हवा.

दुकानात मिळतात ३५, ४० आणि ४५. पस्तीसचा घेतलात तर १०.६ आत जातो, कमी पडतो, आटे उपटायची भीती. पंचेचाळीसचा २०.६ आत जायला बघतो, पण भोक आहे २० चं. तो तळाला टेकतो, पाना ‘कट्‌’ करतो, तुम्हाला वाटतं आवळला. पंप मात्र सैलच. चाळीसचा बरोबर. दुकानदार म्हणेल, ‘पाचाने काय होतंय, भाऊ?’ पाचाने हेच होतं.

ओल्या भोकाला तळ नाही, म्हणून तिथे लांब बोल्ट चालतो असं समजू नका. आत जास्त लोंबलेला बोल्ट पाण्याची वाट अडवतो आणि गंजून उलटा निघेनासा होतो. जुन्याइतकीच लांबी ठेवा.

> तपासा: पॅकिंग न लावता पंप जागेवर धरा आणि कोरडे बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवा, फेऱ्या मोजत. एम ८ च्या नेहमीच्या आट्यात एका फेरीला सव्वा मिलिमीटर. वरच्या उदाहरणात साडेबारा-तेरा फेऱ्या व्हायला हव्यात आणि डोकं कानावर बसायला हवं. बोल्ट घट्ट झाला पण खालचा वायसर बोटाने फिरतोय, तर तो तळाला टेकला. बदला.

टप्पा ५: कोणता बोल्ट

आटे आधी. जुन्या विलीज घाटाच्या जीपमध्ये आणि सिम्पसन-पर्किन्स इंजिनाच्या जुन्या मॅसी ट्रॅक्टरवर इंची आटे असतात. नंतरच्या बहुतेक इंजिनांत मेट्रिक. गोंधळ होतो तो पाच-सोळांश इंच आणि एम ८ मध्ये. एकाचा व्यास ७.९४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ८. डोळ्याला फरक दिसत नाही. पण पाच-सोळांशाच्या जाड आट्यात इंचाला १८ आटे, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.४१ मिलिमीटर, आणि एम ८ मध्ये १.२५. एम ८ चा बोल्ट इंची भोकात दोन-तीन फेऱ्या जातो आणि अडकतो. पुढे पाना लावलात की भोकाचे आटे गेले. पान्यावरूनही कळत नाही, कारण अर्ध्या इंचाच्या डोक्यावर तेराचा पाना आरामात बसतो.

पिच गेज, म्हणजे आट्यांचं अंतर मोजायची पट्टी, नसेल तर सोपी युक्ती. नवा आणि जुना बोल्ट आट्यात आटा घालून आडवे जुळवा आणि खिडकीकडे धरा. उजेडाची फट पुढे पुढे वाढत गेली तर आटे वेगळे.

बारीक आटे आणि जाड आटे हाही घोळ आहेच. एम १० दीड मिलिमीटरचा असतो तसा सव्वाचाही असतो. डोक्याचं माप बघून बोल्ट मागू नका. एम १० चं डोकं कुठे १७, कुठे १६, जपानी गाडीत १४ असतं.

ताकद डोक्यावर लिहिलेली असते. पंपाला ८.८ पुरतो. आठ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा, पुढचे ‘.८’ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जाणारा. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो गेटाच्या बिजागरीला लावा. उलट्या टोकाचीही हौस असते, काळा १२.९ चा अ‍ॅलन बोल्ट. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात एवढ्या ताकदीचा उपयोग नाही. बोल्ट टिकतो, आटे उपटतात, आणि बोल्ट बदलण्यापेक्षा भोकात हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) घालणं किती महाग पडतं ते विचारून बघा.

स्टेनलेसचे बोल्ट दिसतात छान. पण नेहमीचा ए२-७० हा ८.८ पेक्षा लवकर ताणला जातो, अ‍ॅल्युमिनियमबरोबर ओलसर जागी गंजाची बॅटरी तयार करतो आणि स्टेनलेसवर स्टेनलेस आवळला तर मध्येच जाम होतो. मी लावत नाही. झिंक प्लेटिंगचा साधा ८.८ घ्या.

अर्ध्या आट्याचा बोल्ट घेताना बघा की बिनआट्याचा गुळगुळीत भाग पंपाच्या कानापेक्षा लांब नाही. लांब असेल तर तो भाग भोकाच्या तोंडाशी अडतो आणि पुन्हा तेच, आवळला वाटतो पण पंप सैल. कंपनीने जिथे अर्ध्या आट्याचा दिलाय तिथे मात्र फुल थ्रेड लावू नका. कधीकधी तो गुळगुळीत भागच पंप जागेवर नेमका बसवतो.

वायसर: अ‍ॅल्युमिनियमच्या कानावर स्प्रिंग वायसर एकटा नको, त्याचं टोक चरा पाडतं. खाली साधा कडक वायसर घाला, किंवा फ्लँजचा बोल्ट असेल तर काहीच नको. एका बोल्टला वायसर घातला आणि शेजारच्याला नाही, तर लांबीचं गणित पुन्हा करा.

टप्पा ६: तोंड साफ करणं

जुनं पॅकिंग बिडावरून स्क्रॅपरने काढा. अ‍ॅल्युमिनियमवर पोलादी पातं आडवं धरू नका. एकच खोल चरा भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत गेला की पाण्याला गल्ली मिळाली. गॅस्केट रिमूव्हर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने खरवडा. ग्राइंडरवरच्या घासणाऱ्या चकत्या वापरू नका. त्यांचा कण पाण्यातून पंपाच्या नव्या सीलमध्ये जातो आणि तोंडाची सपाटीही जाते.

शेवटी पोलादी पट्टी तोंडावर उभी धरा आणि खालून टॉर्च मारा. ०.१० मिलिमीटर जाडीची फीलर पात खाली शिरत असेल तर नुसत्या कागदी पॅकिंगने काम भागणार नाही. नव्या पंपाचं तोंडही असंच तपासा. खोक्यातून निघाला म्हणजे सपाट असतोच असं नाही. जुना आणि नवा पंप पाठीला पाठ लावून भोकं, कानाची जाडी आणि पंख्याची उंची जुळवा. कानाची जाडी वेगळी निघाली तर चौथा टप्पा पुन्हा.

शेवटचा हात थिनर किंवा ब्रेक क्लीनरचा. त्यानंतर तोंडाला बोट लावू नका.

टप्पा ७: आता ट्यूब

तीन प्रश्न वेगळे ठेवा. तोंडावर काय लावायचं, ओल्या भोकातल्या आट्यांवर काय आणि कोरड्या बंद भोकात काय. एकच ट्यूब तिन्ही ठिकाणी, हीच ती नेहमीची चूक.

तोंडाचं आधी. पंपाबरोबर रबराची रिंग किंवा रबराची किनार असलेलं पत्र्याचं पॅकिंग आलं असेल तर तिथे सीलंट अजिबात नको. रबर दाबलं जाऊन सील करतं, सीलंटवर ते घसरतं. बसवताना ओलावा हवा असेल तर कूलंटचं बोट फिरवा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. कूलंटसाठीच्या रिंगा बऱ्याचदा ईपीडीएम रबराच्या असतात आणि ते रबर खनिज तेलात फुगतं.

कागदी पॅकिंग असेल तर ते कोरडं लावता येतं. तोंड जुनं, थोडं खड्ड्याचं असेल तर दोन्ही बाजूंना न वाळणाऱ्या सीलरचा पुसट हात, कागद ओला दिसेल इतकाच. आपल्याकडे अजून शेलॅक चालतं. बीड-बिडाच्या जोडाला ते वाईट नाही, पण कडक होतं आणि पुढच्या वेळी खरवडताना तोंड खराब होतं. अ‍ॅल्युमिनियमवर मी ते बंद केलं. कागदावर सिलिकॉनचा जाड थर तर नकोच. आवळताना कागद त्यावरून सरकतो, बाहेर फुगतो आणि आतल्या कडेला निघालेला सिलिकॉनचा धागा तुटून थर्मोस्टॅटमध्ये किंवा रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

पॅकिंगच नाही, धातूवर धातू, अशा जोडाला दोन पर्याय. तोंडं सपाट आणि यंत्रावर काढलेली असतील तर अ‍ॅनारोबिक फ्लँज सीलंट, लॉकटाइट ५१८ च्या जातीचं. हे हवा बंद झाली आणि धातू लागला की वाळतं, त्यामुळे आत-बाहेर निघालेलं जास्तीचं मऊच राहतं आणि वाहून जातं. पण पाव मिलिमीटरच्या वरची फट त्याच्याकडून भरली जात नाही. पत्र्याचं किंवा थोडं वाकडं तोंड असेल तर आरटीव्ही, म्हणजे न तापवता आपोआप वाळणारं, सिलिकॉन. आपल्याकडच्या दुकानांत अ‍ॅनाबाँड ६६६ सहज मिळतं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त खिडकीचं सिलिकॉन धातूला गंज आणतं, ते घेऊ नका. ट्यूबवर ‘कूलंटला चालतं’ असं लिहिलंय का आणि तारीख गेली नाही ना, हे काउंटरवरच बघा.

आता आटे. ओल्या भोकातल्या बोल्टला आट्यांचं सीलंट लागतं. पीटीएफई (टेफ्लॉन) असलेली पांढरी पेस्ट, लॉकटाइट ५६७ सारखी, पंपाच्या लहान बोल्टला बरी. पकड हलकी असल्याने पुढे बोल्ट सुटतो. ५७७ सारखं जास्त धरतं. टोकाचा पहिला आटा कोरडा सोडा, त्यामागच्या चार-पाच आट्यांत सगळ्या बाजूंनी भरा. प्लेटिंग केलेल्या बोल्टवर ही अ‍ॅनारोबिक जात सावकाश वाळते, तेव्हा घाईने पाणी भरू नका.

नळाची टेफ्लॉन टेप बोल्टला गुंडाळू नका. ती निमुळत्या आट्यांसाठी असते. सरळ आट्यावर ती कापली जाते, तुकडे पाण्यात जातात आणि बोल्ट घसरडा होऊन टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा खोटा पडतो. एम-सील, अरल्डाइट, फेविक्विक यांचं इथे काही काम नाही.

बंद कोरड्या भोकात बोल्टवर तेलाचा पुसट हात पुरतो. पुस्तकात थ्रेडलॉकर सांगितलं असेल तरच निळं मध्यम, २४३ च्या जातीचं, एक थेंब. लाल लावलंत तर पुढच्या वेळी बोल्ट गॅसने तापवावा लागेल. तेलाकडे उघडणाऱ्या भोकाला तेल सोसणारं सीलंट, बाकी रीत ओल्या भोकाचीच.

> सावधान: पंपाच्या पोटाखाली एक लहान भोक असतं. ते टिपकण्यासाठीच ठेवलेलं आहे. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. गळतंय म्हणून ते एम-सीलने बुजवलेले पंप मी काढलेत, बेअरिंगचा पार चुरा झालेला होता. रंग किंवा सीलंटनेही ते बुजू देऊ नका.

टप्पा ८: बसवणं आणि आवळणं

चिंध्या मोजून काढा. बोल्ट पुठ्ठ्यावरच ठेवा, प्रत्येकावर त्याचं त्याचं सीलंट लावलेलं. टॉर्क पाना आधीच लावून तयार. हे सगळं झाल्यावर मगच तोंडावर सिलिकॉन सोडा: दोन-तीन मिलिमीटर जाडीची सलग दोरी, बोल्टच्या भोकांना आतल्या बाजूने वळसा घालून. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वाळतं. कोकणात जुलैत त्यावर बघता बघता साय धरते, साय धरल्यावर जोडलेला जोड चिकटत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात उलट, वरून वाळल्यासारखं वाटतं पण आत ओलंच राहतं, तिथे जास्त वेळ द्या.

पंप सरळ आणा, तोंडावर सरकवू नका. सरळ येत नसेल तर दोन लांब बोल्टांची डोकी कापून त्या खुंट्या समोरासमोरच्या भोकांत हाताने घाला आणि पंप त्यांवरून ढकला. सगळे बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. एकही पान्याने सुरू करायचा नाही.

मग आडव्या-तिरप्या क्रमाने, तीन हप्त्यांत. आधी नुसते टेकवा, मग अर्ध्या टॉर्कला, मग पूर्ण. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडा पहिला. तो नसेल तर ८.८ च्या बोल्टला एम ६ साठी ८ ते १० न्यूटन-मीटर, एम ८ साठी २० ते २५, एम १० साठी ४० ते ४५. भोक अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर खालचा आकडा. आट्यांवर पेस्ट किंवा तेल असलं तरी खालचाच, कारण घसरड्या आट्यावर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

एकक बघा. जुन्या पुस्तकांत केजी-मीटर असतं. २.३ केजी-मीटर म्हणजे साधारण २३ न्यूटन-मीटर. ट्रॅक्टरच्या पुस्तकात पाउंड-फूट, ते १.३६ ने गुणायचं. पाउंड-इंच आणि पाउंड-फूट यांत बारा पटींचा फरक आहे, एम ६ चे बोल्ट तिथेच तुटतात. आणि २०० पर्यंतच्या मोठ्या टॉर्क पान्याने १० चा आकडा मोजू नका. पट्ट्याच्या अगदी तळाशी त्याचा भरवसा नाही.

कागदी पॅकिंग असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी, आट्यांवरची पेस्ट ओली असतानाच, सगळ्यांवर त्याच आकड्याने एक फेरी मारा. कागद थोडा दबतो, बोल्ट किंचित फिरतील. मग हात काढा. दुसऱ्या दिवशी ‘जरा अजून’ म्हणून आवळलंत तर वाळलेलं सील तोडाल.

टप्पा ९: थांबणं, भरणं, बघणं

सिलिकॉन लावलं असेल तर रात्रभर, शक्यतो २४ तास. संध्याकाळी काम संपवलं तर हा वेळ आपोआप मिळतो. सकाळी कूलंट भरा, हीटर गरमवर ठेवा, हवा निघेपर्यंत इंजिन चालवा. गॅरेजमध्ये प्रेशर पंप असेल तर झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्या. बऱ्याच गाड्यांत तो ०.९ ते १.१ बार असतो, जुन्या जीपमध्ये कमी. दहा मिनिटांत काटा उतरायला नको.

ओल दिसली तर लगेच पंपाला दोष देऊ नका. सगळं पुसून कोरडं करा, पंपाभोवती टाल्कम पावडर शिंपडा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून इंजिन चालवा. पावडरीत ओघळाची वाट स्पष्ट उमटते. बोल्टच्या डोक्याखालून सुरू झाली तर ते ओलं भोक, पेस्ट कमी पडली किंवा लागलीच नाही. जोडाच्या रेषेवर एकाच कोपऱ्यात असेल तर त्या कोपऱ्यातला बोल्ट काढून मोजा, बहुधा तळाला टेकलेला सापडेल. वरच्या होज पाईपच्या क्लिपपासून उतरत असेल तर पंपाचा काही संबंधच नाही. आणि पोटाखालच्या भोकाशी पहिल्या काही मिनिटांत नुसता ओलावा आला तर नवं सील बसेपर्यंत वाट बघा. थेंब मोजता यायला लागले, तर मात्र पंप परत न्या, बोल्ट खोचलेल्या पुठ्ठ्यासकट.